फुकटची जागा, महागाचा पाया



गावात अंगणवाडीची खोली मंजूर झाली, उपकेंद्र मंजूर झाले, ग्रामपंचायतीला इमारत मिळाली, की पहिली चर्चा नारळ कोण फोडणार याची. दुसरी, ठेका कोणाच्या माणसाला याची. तिसरी, संगमरवरी पाटीवर कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली याची. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या पट्ट्यात आम्ही बरीच भूमिपूजने पाहिली. भूमीची पूजा होते, भूमीची चौकशी होत नाही. ज्या जागेवर कुदळ मारायची तिथे काळी किती फूट आहे, मुरूम कुठे लागतो, पावसाचे पाणी कोणत्या अंगाने येते, हे विचारणारा माणूस मांडवात नसतो. आणि गंमत अशी की मांडवात बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असते.

तीन-चार पावसाळे जातात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो आणि छताला जाऊन भिडतो. दरवाजा लागेनासा होतो. फरशी मधोमध फुगते, कडेने दबते. मास्तरीण मुलांना घेऊन बाहेर निंबाखाली बसते आणि खोलीत कोणीतरी कडबा ठेवतो. मग चावडीवर निकाल लागतो, ठेकेदाराने सिमेंट खाल्ले. खाल्ले असेलही, त्याची वकिली आम्हाला करायची नाही. पण आमचे म्हणणे असे की सिमेंट पुरेपूर घातले असते तरी यातल्या पुष्कळ इमारती तडकल्याच असत्या. चोरी बांधकामात होण्याआधी खोट हिशेबातच असते. पायाचा खर्च जमीन पाहून धरलेलाच नसतो.

आम्ही शेतकीचे शिक्षण घेतले ते पीक काढण्यासाठी, इमारती बांधण्यासाठी नव्हे. पण माती तीच आहे. आपल्या काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तिचे कण म्हणजे पत्र्यासारख्या पातळ पापुद्र्यांच्या चळती. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरते, पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात, माती फुगते. पाणी गेले की पापुद्रे जवळ येतात, माती आखडते. या गुणामुळेच पाऊस गेल्यावरही ओल धरून राहते आणि रब्बीची ज्वारी पाण्याच्या एका पाळीशिवाय येते. या गुणामुळेच पऱ्हाटी दिवाळीनंतरही तग धरते. जी माती आपल्याला जगवते तीच भिंत फोडते.

मे महिन्यात वावरातल्या भेगेत काठी घालून पाहा. काठी संपते, भेग संपत नाही. जूनच्या पहिल्या चार पावसांत तीच भेग बुजते, आणि मग वाफसा येईपर्यंत वखर घालता येत नाही. ही वर-खाली हालचाल किती खोलवर चालते याचा अभ्यास रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने १९५० च्या दशकापासून केला. आपल्या देशातल्या काळ्या जमिनीत ती साधारण साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे अकरा-बारा फुटांपर्यंत पोचते असे धरून पायाची मानके बांधलेली आहेत. त्याहून खाली माती बाराही महिने जवळजवळ एकाच ओलीत राहते, म्हणून स्थिर राहते. जिथे आठ फुटांवरच मुरूम लागतो तिथे खेळ आठ फुटांतच संपतो. जिथे वीस फूट काळीच आहे तिथे वरचे बारा फूट नाचतात.

आता गावात जी पायाची चर होते ती किती खोल असते? तीन फूट. फार तर चार. म्हणजे पाया नाचणाऱ्या थरातच बसवला. वर इमारत हलकी, एक मजल्याची. पुष्कळांना वाटते, आणि कागद करणाऱ्यांनाही वाटते, की इमारत हलकी तर पायाही हलका चालेल. काळ्या जमिनीत नेमके उलटे आहे. एकमजली इमारतीचा भार तीन फूट रुंद पायावर चौरस मीटरला जेमतेम चार-पाच टन पडतो. भरपूर फुगणारी माती कोंडली गेली तर चौरस मीटरला दहा-वीस टन आणि त्याहूनही जास्त जोराने वर रेटते. तहसीलची चार मजली इमारत ती दाबून ठेवू शकते, अंगणवाडीची खोली नाही. आणि माती सगळीकडे सारखी फुगत नाही. एका कोपऱ्याला हातपंपाचे पाणी मुरते, तो कोपरा उचलला जातो. दुसऱ्या कोपऱ्याला निंबाचे झाड आहे, ते उन्हाळ्यात ओल ओढून घेते, तो कोपरा खचतो. भिंत मधे तुटते. "माती कमजोर आहे, पाया रुंद करा" हा सल्लाही इथे उपयोगाचा नाही. पाया रुंद केला की तोच भार जास्त जागेवर पसरतो, दाब कमी होतो, आणि मातीला उचलायला सोपे जाते. काळीत पाया रुंद करून भागत नाही, खोल न्यावा लागतो.

हे शहाणपण रुडकीहूनच यावे असे नव्हते. आपल्या भाषेत गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. वाडवडिलांनी राहायला पांढरी निवडली, पिकवायला काळी ठेवली. गाव उंचवट्यावर, मुरमाड जागी, जिथे पावसाचे पाणी थांबत नाही तिथे वसवले. घर काळीत बांधायचे नाही हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, पण पाळला जात होता.

मग आजच्या सरकारी इमारती काळीत का? कारण पांढरी भरली. गावठाणात वीस बाय चाळीसची मोकळी जागा उरली नाही. योजनेचा कागद म्हणतो, जागा ग्रामपंचायतीने विनामूल्य द्यावी. मग गाव शोधते फुकटची जागा. ई-क्लासची पडीक जमीन, नाल्याकाठचा तुकडा, तलावाच्या पोटाची कड. नाहीतर कोणीतरी दानपत्र करून देतो. आता खरे सांगा, शेतकरी दान कोणता तुकडा देईल? जिथे पऱ्हाटी उन्मळते, जिथे पावसाळाभर पाणी तुंबते, जिथला उतारा कधी हाती लागला नाही, तोच. दान देणाऱ्याला आम्ही दोष देत नाही, त्याचे पोट शेतावर आहे. पण जी जागा पिकाला नको ती इमारतीला तर त्याहून नको. तिथे ओल-वाळीचा खेळ सगळ्यात मोठा. जागेचे वाचवलेले पैसे आपण पायात दुप्पट-तिप्पट घालतो, आणि पायात न घातले तर इमारतीसकट घालवतो.

आता कागदाकडे या. अंदाजपत्रक, ज्याला गावात सगळे इस्टिमेट म्हणतात, ते कसे तयार होते? एक ठरावीक नकाशा असतो, टाईप प्लॅन. मागच्या वर्षी दुसऱ्या गावासाठी केलेले इस्टिमेट कपाटात असते. गावाचे नाव बदलते, चालू दरसूचीचे दर बसतात, बाकी सगळे तसेच. खोदाई इतकी, खडी-काँक्रीट इतके, जोत्यापर्यंत बांधकाम इतके. कोरपन्याच्या खोल काळीत जे माप, तेच धानोऱ्याच्या खडकाळ जागी. कनिष्ठ अभियंत्यावर आम्ही घसरणार नाही. त्याच्याकडे चाळीस-पन्नास कामे, एक मोटारसायकल आणि मार्चची तारीख. पण ही पद्धत आपल्याला ओळखीची वाटत नाही का? कापसाचा उत्पादन खर्च काढतानाही असेच होते. सगळ्या राज्याची सरासरी घेतात, त्यात ना तुमची कोरडवाहू जमीन दिसते, ना तुमची दुबार पेरणी. सरासरीने ना पऱ्हाटी उगवते, ना भिंत उभी राहते.

पैसाही माती पाहून ठरत नाही, डोकी मोजून ठरतो. स्वतःची इमारत नसलेल्या ग्रामपंचायतींसाठी राज्य सरकारने २०१८ साली बाळासाहेब ठाकरे स्मृती मातोश्री ग्रामपंचायत बांधणी योजना काढली. हेतू चांगला होता. रकमेचे गट मात्र लोकसंख्येवर पाडले. हजाराच्या आतल्या गावाला इतके, त्यावरच्या गावाला इतके. हजार माणसांचे गाव खडकावर असो की वीस फूट काळीवर, रक्कम तीच. मग पाया खोल न्यायचा तर वरचे पैसे कमी पडतात, आणि वरचे पुरे करायचे तर पाया उथळ. उद्घाटनाच्या दिवशी वरचेच दिसते, त्यामुळे कात्री कुठे लागणार हे सांगायला नको.

आम्ही एक हिशेब मांडतो. रुपये मुद्दाम लिहीत नाही. दर वर्षाला बदलतात, लांबून माल आणायचा तर वाहतूक वेगळी लागते. ब्रास बदलत नाही. चाळीस फूट बाय वीस फुटांची, मधे एक आडवी भिंत असलेली दोन खोल्यांची इमारत घ्या. चाळीस फुटी दोन भिंती, वीस फुटी तीन, मिळून भिंतीची लांबी १४० फूट. कोपऱ्यांची वजावट सोडून देऊ.

टाईप प्लॅनप्रमाणे चर तीन फूट रुंद, तीन फूट खोल. खोदाई १२६० घनफूट, म्हणजे १२.६ ब्रास. तळाला सहा इंच काँक्रीट, २.१ ब्रास. त्यावर जमिनीच्या पातळीपर्यंत अडीच फूट दगडी बांधकाम, सरासरी दोन फूट रुंद, ७ ब्रास. पाया झाला, ठेकेदार मोकळा.

आता याच जागी मुरूम आठ फुटांवर आहे असे समजा. चर चार फूट रुंद घ्यावी लागेल, नाहीतर आत माणूस वाकून काम करू शकत नाही. खोदाई ४४.८ ब्रास. काँक्रीट २.८ ब्रास. साडेसात फूट उंचीचे दगडी बांधकाम सरासरी अडीच फूट रुंद धरले तर २६.२५ ब्रास. म्हणजे खोदाई साडेतीन पट, बांधकाम पावणेचार पट. आणि अजून फरशी राहिली. फरशीखालची तीन फूट काळी काढून मुरूम भरायचा तर आणखी वीस-बावीस ब्रास मुरूम. प्रत्यक्षात काय होते ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे. चरीतून निघालेली काळी माती फेकायला कुठे न्यायची म्हणून तीच जोत्याच्या आत ढकलतात, वरून दोन घमेली मुरूम पसरतात आणि फरशी बसवतात. मग फरशी फुगली म्हणून फरशीवाल्याला शिव्या.

चांगल्या जमिनीत एकमजली इमारतीच्या खर्चातला दहा-पंधरा टक्के भाग जोत्याखाली जातो असा बांधकामातला ढोबळ आडाखा आहे. वरच्या हिशेबाने खोल काळीत तो कुठे जाईल हे तुम्हीच पाहा. इस्टिमेटमधे मात्र तो दहा-पंधराच राहतो.

इथे कोणी म्हणेल, मग काळीत इमारत परवडणारच नाही. तसे नाही. रुडकीच्या संस्थेने नुसता रोग सांगितला नाही, औषधही काढले. अंडर-रीम्ड पाइल, आपण त्याला बुडाशी गाठ असलेला खांब म्हणू. जमिनीत हाताच्या गिरमिटाने फूटभर व्यासाचे भोक पाडायचे, बारा फूट खोल. बुडाशी एका खास अवजाराने ते अडीच फूट व्यासाचे कोरायचे. सळ्यांचा पिंजरा सोडून काँक्रीट भरायचे. गाठ खाली स्थिर मातीत अडकते, वरची काळी फुगून खांबाला ओढू लागली तरी खांब उपटला जात नाही. या खांबांच्या डोक्यावर सिमेंट-सळईची तुळई, आणि तुळईच्या खाली तीन इंचांची मोकळी फट, म्हणजे माती फुगली तर फटीत फुगेल, भिंतीला लागणार नाही. भारतीय मानक २९११ चा तिसरा भाग याच खांबांसाठी आहे आणि तो १९८० सालीच सुधारून निघालेला आहे. नवीन काही नाही.

आपल्याच इमारतीचा हिशेब करा. प्रत्येक कोपऱ्याला, प्रत्येक जोडाला आणि मधे दर पावणेसात फुटांवर एक खांब धरला तर वीस खांब होतात. एका खांबात गाठीसकट साधारण १२ घनफूट काँक्रीट जाते. वीस खांबांचे २.४ ब्रास, वरच्या तुळईचे एक ब्रास. साडेतीन ब्रास काँक्रीट आणि त्यातले लोखंड. समोर ठेवा खोल चरीचे २९ ब्रास काँक्रीट-दगड आणि ४५ ब्रास खोदाई. काँक्रीटचा ब्रास दगडाच्या ब्रासपेक्षा महाग, लोखंडाचा पैसा वेगळा, कारागीर बाहेरून आणावा लागेल, हे सगळे धरूनही खोल काळीत खांबांचा पाया चरीच्या पायापेक्षा स्वस्तात बसायला हवा. नक्की किती, हे तुमच्या दरसूचीचे दर घालून काढा. वाळूमिश्रित जमिनीत भोक ढासळते, गोट्यांच्या थरात गिरमिट चालत नाही, पाणी वर असेल तर त्रास होतो. तिथे हा उपाय नाही. पण वरोऱ्यापासून कोरपन्यापर्यंतच्या खोल काळीसाठी तो जणू मापून शिवलेला आहे, आणि आमच्या पाहण्यात ग्रामपंचायतीच्या इमारतीला तो क्वचित वापरलेला दिसतो. कपाटातल्या जुन्या इस्टिमेटमधे तो नसतो, एवढेच कारण आम्हाला सापडते.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. पाया पुरला की दिसत नाही आणि खांब तर त्याहून दिसत नाही. निविदा वीस टक्के कमी दराने भरणारा ठेकेदार ते वीस टक्के कुठून काढतो? भिंत सगळ्यांना दिसते, रंग सगळ्यांना दिसतो. बारा फुटांचे भोक नऊ फुटांवर थांबले, गाठ कोरलीच नाही, तर कोणाला कळते? म्हणून काँक्रीट पडण्याआधी प्रत्येक भोकात टेप सोडून माप घ्यायचे आणि ते मोजमाप पुस्तिकेत त्याच दिवशी चढले की नाही ते पाहायचे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने नुसते कागद मागण्याचा अधिकार दिलेला नाही. काम जाग्यावर जाऊन तपासण्याचा आणि मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही त्यातच आहे. तो आपण रस्त्याच्या डांबरासाठी कधीमधी वापरतो. पायासाठी वापरलेला ऐकिवात नाही.

मार्चची गोष्टही याच हिशेबातली आहे. निधी परत जाईल म्हणून फेब्रुवारी-मार्चमधे घाईने चर खणतात. त्या वेळी काळी कोरडी, दगडासारखी कडक असते. पाहणारा म्हणतो, वा, काय टणक जमीन आहे, तीन फूट पुरे. जूनमधे तीच जमीन लोण्यासारखी होते. बैल विकत घेताना आपण त्याला चालवून पाहतो. जमीन मात्र सुटीच्या दिवशी झोपलेली पाहून आपण तिच्यावर इमारत लादतो.

वैनगंगेच्या पलीकडची जमीन वेगळी. धानोरा, कोरची, एटापल्लीकडे जुना कठीण खडक वर आलेला, माती उथळ, रेताड किंवा लालसर, धानाची. तिथे तीन फुटांचा पाया पुष्कळ ठिकाणी पुरून उरतो. तिथला खर्च वाहतुकीचा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, मग सिमेंटची गोणी कशी पोचणार? तिथे टाईप प्लॅन पायात जास्त देतो आणि वाहतुकीत कमी, कोरपन्यात नेमके उलटे. सिरोंचाकडे नदीकाठी पुन्हा काळी आणि गाळ. आणि घुग्घुससारख्या ठिकाणी तर तिसरीच तऱ्हा. तिथल्या आमराई वॉर्डात ऑगस्ट २०२२ मधे एक राहते घर जुन्या कोळसा खाणीच्या पोकळीत गडप झाले. अशा गावात आधी खाणीचा नकाशा मागवा. तिथे पाया कितीही चांगला असला तरी त्याच्या खाली जमीनच नाही.

मोठ्या कामात असे होत नाही, तिथे मोठे इंजिनिअर असतात, असे कोणी म्हणत असेल तर त्याला सिरोंचाला घेऊन जा. गोदावरीवरच्या मेडीगड्डा बॅरेजचे एक टोक आपल्या गडचिरोली जिल्ह्यात टेकलेले आहे. २१ जून २०१९ ला तेलंगण सरकारने वाजतगाजत उद्घाटन केले. २१ ऑक्टोबर २०२३ ला त्याचे खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने पाहणी करून पायाखालची वाळू वाहून गेल्याचे कारण दिले आणि नियोजन, आराखडा, दर्जा नियंत्रण, देखभाल अशा प्रत्येक पायरीवरच्या उणिवा नोंदवल्या. तिथे हजारो कोटी होते आणि कागदोपत्री सगळ्या तपासण्या होत्या. आपल्या दोन खोल्यांना तर एक खड्डाही मिळत नाही.

खड्ड्याचाच मुद्दा आम्हाला मांडायचा आहे. इस्टिमेट होण्याआधी, जागा ठरण्याच्याही आधी, दोन खड्डे. जागेच्या दोन टोकांना, कारण मुरूम सपाट नसतो, एका टोकाला सहा फुटांवर आणि दुसऱ्या टोकाला बारावर लागू शकतो. चार बाय चार, दहा फूट खोल. एका खड्ड्याची खोदाई १.६ ब्रास. जेसीबीला तास-दीड तासाचे काम. पाच फुटांच्या खाली माणूस उतरवायचा तर बाजूंना फळ्या लावा, काळी अचानक ढासळते. छोट्या कामाला माती परीक्षण परवडत नाही असे जे सांगतात त्यांनी खड्ड्याचा हा खर्च आणि फुटलेल्या इमारतीचा खर्च शेजारी-शेजारी मांडून दाखवावा.

खड्ड्याच्याही आधी शेजारची विहीर पाहा. विहीर म्हणजे आयता खड्डा. किती हात काळी, मग पिवळी, मग चुनखडी, मग मुरूम, मग खडक, हे थर काठावरून दिसतात. बांधलेली असेल तर ज्याने खणली त्याला विचारा, तो हाताच्या मापाने सांगेल. त्याला कोणी कधी विचारले नाही, एवढेच.

माती किती फुगते हे शाळेच्या प्रयोगशाळेतही कळते. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळा. दहा-दहा ग्रॅम दोन मोजपात्रांत घाला. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रेशनचे रॉकेल आटले आहे, पण पाव लिटर कुठेतरी मिळेल. ढवळून बुडबुडे काढा आणि चोवीस तास ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलात १० मिलीलिटर राहिली आणि पाण्यात १५ झाली तर फुगवटा ५० टक्के. पन्नासच्या आत असेल तर सुदैव, शंभरच्या पुढे गेला तर तीन फुटांचा पाया म्हणणाऱ्याला ते मोजपात्र दाखवा. ही भारतीय मानक २७२० च्या चाळिसाव्या भागातली चाचणी आहे, आमच्या मनची नाही. दहावीची मुले ती नीट करतील.

सगळ्यात अवघड गोष्ट पुढेच आहे, आणि ती सरकारला नाही, आपल्याला करायची आहे. पाया नीट धरला आणि रक्कम वाढवून मिळाली नाही, तर गावाने काय म्हणावे? आमचे मत असे की दोन खोल्यांच्या पैशात एकच खोली बांधा, पण पाया पुरा घ्या. हे ऐकायला गोड लागत नाही. सरपंच म्हणतो, शेजारच्या गावाला दोन आणि आम्हाला एक? पुढारी म्हणतो, आडमुठेपणा केला तर निधी दुसरीकडे जाईल. ही भीती खरी आहे, निधी जातोही. पण दोन तडकलेल्या खोल्यांचा हिशेब करून पाहा. चार वर्षांत त्या बंद पडतात, कागदावर मात्र गावाला इमारत आहे असेच राहते, आणि पुढच्या मागणीवर शेरा येतो, "इमारत उपलब्ध आहे". त्यापेक्षा एक खोली बरी, जिच्यात पोरे बसतील. आणि जमलेच तर त्याहून बरा मार्ग म्हणजे जागा बदलणे. गावठाणालगत मुरमाड जागा एखाद्या शेतकऱ्याकडे असेल तर लोकवर्गणी करून ती विकत घ्या. पायात वाचणारे ब्रास मोजले तर कित्येक गावांत हा सौदा स्वस्त पडेल.

येत्या ग्रामसभेत ठराव मांडा. वकिलाची भाषा नको. एवढे लिहा: "नियोजित इमारतीच्या जागेवर ग्रामसभेने निवडलेल्या पाच जणांसमोर दोन चाचणी खड्डे घेण्यात यावेत. मातीचे थर, त्यांची खोली आणि पाण्याची पातळी यांची नोंद अंदाजपत्रकाला जोडावी. पायाच्या बाबी त्या नोंदीवरून स्वतंत्र मापाने धराव्यात. पाया झाकण्याआधी त्याचे मोजमाप या पाच जणांसमोर घ्यावे. खोदाईतून निघालेली काळी माती जोत्यात भरू नये." पाच जणांत एक विहीर खणणारा असावा आणि दोन बाया असाव्यात. भर उन्हात चरीवर उभे राहून माप घेण्याचा कंटाळा बायांना येत नाही असा आमचा अनुभव आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन आकडे आणावेत. गावात जी सरकारी इमारत तडकली आहे तिच्या इस्टिमेटमधली पायाची खोली, आणि तिच्या जवळच्या विहिरीत मुरूम किती फुटांवर आहे ती खोली. टेप नसेल तर दोरीला गाठ मारून आणा, आम्ही बैठकीत मोजून घेऊ.